जन्माला बंदी असलेलं बेट

आमच्या बेटावर जन्माला यायला बंदी आहे, आणि मरायलाही. अथेन्सच्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी हा नियम केला. बेटावरच्या झाडून साऱ्या कबरी उकरल्या, हाडं होड्यांत भरून समोरच्या रिनिया बेटावर नेऊन पुरली, आणि फर्मान काढलं की यापुढे दिवस भरलेली बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा माणूस, दोघांनाही पलीकडे न्यायचं. अपोलो देवाच्या जागेला विटाळ होता कामा नये. मी डिलॉसच्या अवशेषांवर पहारेकरीण आहे आणि हे प्रवाशांना इतक्या वेळा सांगितलंय की सांगताना मलाच जांभई येते. एखादा जर्मन हसून विचारतो, आत्ता मला हार्ट अटॅक आला तर? मी सांगते, कृपा करून बोटीत बसेपर्यंत कळ काढा.

पहारेकऱ्यांत सगळ्यात जुने झान्नीस. आमच्याकडे पांढऱ्या मिशांच्या माणसाला बार्बा म्हणतात, म्हणजे काका, तसे ते सगळ्यांचे बार्बा झान्नीस. दर रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावणारा माणूस, पण अपोलोच्या वाटेला जायचं नाही हेही पक्कं. आमच्यातल्या स्तामातिसला एकदा मुतखड्याची कळ आली, तेव्हा बार्बांनी त्याला आधी उचलून आपल्या होडीत टाकलं आणि मग पाणी पाजलं. बिचारा ओरडतोय आणि हे दोर सोडतायत. त्यावरून मी त्यांना कायम छेडायची.

"बार्बा, इथल्या मांजरी दर वसंतात कोपऱ्याकोपऱ्यात वितात. त्यांना नाही तुम्ही पलीकडे नेत?"

"मांजरांना देव ओळखत नाही," ते म्हणायचे. "तुला ओळखतो. सांभाळून बोल."

माझी धाकटी बहीण फ्लोरेंटिया पिरेयसला, अथेन्सच्या बंदरात दिलेली. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्या ऑगस्टमध्ये ती सणाला माहेरी, शेजारच्या मिकोनोस बेटावर आली तेव्हा तिला आठवा लागला होता. तिचं हे दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा वेळेआधी झाला आणि तासभरही जगला नाही. त्याच्याबद्दल ती कधी बोलत नसे आणि आम्हीही विषय काढत नसू. या खेपेला सगळं ठीक आहे असं पिरेयसच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ती चालताना एक हात पोटाखाली धरून चालायची, जणू हात काढला तर काही पडेल.

"तू इतकी वर्षं तिथे काय राखतेस ते मला एकदा दाखव," ती म्हणाली. मी नको म्हटलं. पण त्या सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता, आणि अर्ध्या तासाचा तर प्रवास. आली.

तिला मी फार चालवलं नाही. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मधोमध एकच खजुराचं झाड आहे, तिथपर्यंत गेलो. लेटो नावाच्या बाईला दिवस गेले आणि कुठलीही भूमी तिला थारा देईना, शेवटी या खडकाने दिला, आणि तिने खजुराला मिठी मारून अपोलोला जन्म दिला, ही गोष्ट आमच्या पोरांनाही पाठ असते. झाड अर्थातच ते नाही, नंतर लावलेलं आहे. फ्लोरेंटियाने त्याच्या सालीवर हात ठेवला.

"बाईची दया येऊन जागा दिली, आणि नंतर मात्र कुणालाच नाही? असं का?"

बार्बा सोबत होते. "स्वतः जन्मला आणि मागून दार लावून घेतलं," ते म्हणाले. "मोठ्या माणसांचं असंच असतं, मुली."

ती हसली. पण हात मात्र झाडावरून काढून पुन्हा पोटाखाली नेला. मला बार्बांचा राग आला. पोटुशी बाईसमोर काय बोलावं याचं पुरुषांना भानच नसतं.

दुपारी मेल्तेमी उठला. ऑगस्टमधला हा उत्तरेचा वारा. आभाळ निरभ्र, ऊन लखलखीत, आणि समुद्र मात्र बघता बघता पांढरा होतो. कप्तानाने वेळेआधीच भोंगा दिला. प्रवासी टोप्या धरून धक्क्याकडे पळायला लागले. जेवून जरा आडवी झालेल्या फ्लोरेंटियाला उठवायला मी पहारेकऱ्यांच्या खोलीत गेले, तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, चेहऱ्यावर घाम.

"अनेझिओ," ती म्हणाली, "कंबर दुखतेय. सकाळपासून. मला वाटलं चालण्याने असेल."

तिला आधार देऊन धक्क्यावर आणलं. बोट दोरांना हिसके देत होती. तिथेच तिला अशी कळ आली की ती दगडावर बसली आणि माझ्या मनगटात तिची नखं रुतली. कप्तान भला माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलं, खाली ओकाऱ्या काढणाऱ्या प्रवाशांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"उघड्या समुद्रात या लाटांत हिला घेतलं तर वाटेतच काहीतरी होईल, आणि माझ्याकडे साधी आडवी व्हायला जागा नाही. इथेच ठेव. मी पोचताच डॉक्टर पाठवतो, किनारी पोलिसांची बोट मोठी आहे, ती येईल."

"येईल की येईल असं वाटतं?"

"वाऱ्याने ऐकलं तर येईल," तो म्हणाला, आणि बोट निघून गेली.

एरवी बोटी गेल्यावर बेट आमचं होतं ते मला आवडतं. त्या दिवशी पहिल्यांदा नाही आवडलं. दगडी सिंहांची तोंडं उघडी, घरांच्या भिंती छपराविना, आणि वारा त्या रिकाम्या खोल्यांतून एकसारखा शीळ घालत होता. हजारो खांब आणि एक सुईण नाही. आम्ही तिघे पहारेकरी आणि ती. स्तामातिस वायरलेसपाशी बसला. तिकडून उत्तर आलं की डॉक्टर तयार आहेत, बोट प्रयत्न करेल, वेळ सांगता येत नाही.

खोलीत मी गाद्या एकावर एक घातल्या, पाणी उकळायला ठेवलं. माझ्या आईने आम्हाला घरातच जन्म दिला होता आणि धाकटीच्या वेळी मी दाराआडून पाहिलं होतं, एवढंच माझं ज्ञान. मग फ्लोरेंटियाचं पाणी गेलं. फरशीवर ओघळ आला. मी पुसायला वाकले, तर दारात बार्बा उभे, टोपी हातात.

"होडी सज्ज आहे," ते म्हणाले.

"कशाला?"

"तुला माहितीये कशाला."

मी त्यांना बाहेर ओढत नेलं. "तुमचं डोकं फिरलंय का? डॉक्टर इथे येणार आहे. इथे पलंग आहे, चूल आहे, वायरलेस आहे. पलीकडे काय आहे? मेंढ्या आणि थडगी."

"डॉक्टर येईल की नाही कुणी सांगितलंय? पलीकडे पोचायला फार वेळ लागत नाही. खाडीत वारा लागत नाही, धनगराची झोपडी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, मी कधी तुला शिकवायला गेलो नाही. तू हसतेस, हस. पण इथे कुणी जन्मलेलं मी पाहिलं नाही, माझ्या बापाने पाहिलं नाही. पहिलं तुझ्या बहिणीचं असावं असं तुला वाटतं?"

मी त्यांना खूप बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारे झालात, घरी बसा, इथपर्यंत गेले. ते टोपी फिरवत ऐकत राहिले. आणि आतून फ्लोरेंटियाचा आवाज आला.

"अनेझिओ, मला घेऊन चल."

आत गेले तर ती उठून उभी होती, भिंतीला धरून.

"झोप. वेड्यासारखं करू नकोस."

"मला इथे नकोय." ती रडत नव्हती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मागच्या वेळी सगळं नीट केलं होतं. हॉस्पिटल, डॉक्टर, सगळं. तरी गेला. या वेळी मला कुणालाही कारण द्यायचं नाही. देवाला नाही आणि सैतानालाही नाही. तुझा विश्वास नसेल, माझा कुठे आहे? पण इथे झालं आणि काही झालं, तर मी आयुष्यभर काय म्हणू?"

आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मी लोकांना हसवलं, तीच आता खोलीत येऊन बसली होती. मी चादरी आणि कात्री उचलली.

स्तामातिस म्हणाला, "डॉक्टर आले तर मी काय सांगू?"

"पलीकडे आहेत म्हणून सांग," बार्बा म्हणाले. जणू आम्ही कॉफी प्यायला चाललो होतो.

सामुद्रधुनी फार रुंद नाही. पलीकडची मेंढरं मोजता येतात. पण मेल्तेमी तिच्यातून असा घुसतो की पाणी उभं राहतं. बार्बांनी फ्लोरेंटियाला होडीच्या तळाशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं, इंजिन चालू केलं, छातीवर क्रूस केला आणि दोर सोडला. धक्का सोडताच पहिली लाट आमच्या अंगावरून गेली. फ्लोरेंटियाला कळ आली की ती माझा स्कर्ट दातांत धरायची. मी एका हाताने तिला धरलेलं आणि दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत होते, आणि मनात एकच, की आत्ता नको, इथे नको. मधल्या खडकांपाशी इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

त्या क्षणाची शांतता मला अजून ऐकू येते. वारा होता, लाटा होत्या, तरी शांतता. होडी आडवी झाली आणि खडकाकडे सरकायला लागली. बार्बांनी वल्ही काढली आणि तो म्हातारा माणूस असा ओढायला लागला की त्यांच्या मानेच्या शिरा तटतटून आल्या. खडक इतका जवळून गेला की त्यावरचे कालवांचे शिंपले मला दिसले.

"आलो का?" फ्लोरेंटिया विचारत होती. "अनेझिओ, आलो का?"

"आलोच," मी म्हणत होते. आम्ही अर्ध्यातही नव्हतो.

रिनियाच्या खाडीत पोचलो तेव्हा बार्बांचे तळहात सोललेले होते. आम्ही दोघांनी तिला उचलून वर आणलं. किनाऱ्यावर संगमरवराच्या शवपेट्या पडलेल्या असतात, कुणाचं झाकण फुटलेलं, कुणाचं नाहीच. एकीत पावसाचं शेवाळलेलं पाणी साचलं होतं आणि मेंढी पीत होती.

"हे काय आहे?" फ्लोरेंटियाने विचारलं.

"हौद आहे. मेंढ्यांचा," मी म्हटलं.

तिने मान दुसरीकडे वळवली. ओळखलं असेल तर ओळखलं असेल.

झोपडी म्हणजे रचलेल्या दगडांच्या चार भिंती, वर फांद्या, खाली वाळलेलं गवत. धनगर त्या दिवसांत मिकोनोसला गेलेला. बार्बा बाहेर पाठ करून उभे राहिले. मी चादर अंथरली. पुढचं फार वेळ चाललं नाही, पण ते किती चाललं हे मला विचारू नका. मी ओरडत होते, ती ओरडत होती, आणि मध्येच दारातून मला समोरचं डिलॉसचं टोक दिसलं. धक्क्याला राखाडी बोट लागत होती. नारिंगी जाकिटातली एक बाई हातात पेटी घेऊन धक्क्यावर उतरली. डॉक्टर. आमच्या खोलीच्या दिशेने पळत निघाली.

"बार्बा," मी म्हटलं.

बार्बांनीही पाहिलं होतं. त्यांनी शर्ट काढला आणि खडकावर चढून तो हलवायला लागले. हाक तर वारा उलट आमच्याच तोंडात कोंबत होता. पलीकडून आम्ही दिसत असू का, कोण जाणे. होडीचं इंजिन तर मेलेलंच होतं.

तेवढ्यात बाळ आलं. मुलगा. माझ्या हातात आला आणि रडला नाही.

तो निळा होता. मी त्याला पालथा केला, पाठ चोळली, टाचेवर टिचकी मारली, तोंडात बोट घालून चिकटा काढला, तोंडाला तोंड लावून ओढला आणि थुंकले. काही नाही. नाळ कापली. पुन्हा चोळला. ओल्या कपड्यासारखा माझ्या हातांवर पडून होता. छातीत कुठेतरी अगदी बारीक फडफड होती, की ती माझ्या बोटांची थरथर होती, मला सांगता येईना.

"का नाही रडत?" फ्लोरेंटिया म्हणाली.

आमच्यात एक रीत आहे. पाद्री नसेल आणि बाळ जाणार असं दिसलं, तर बाप्तिस्मा झालेला कुणीही त्याला हवेत तीनदा उचलायचं आणि नाव द्यायचं. पाणी लागत नाही, तेल लागत नाही, हवा पुरते. पित्याच्या नावाने एकदा, पुत्राच्या नावाने एकदा, पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा. मग ते नाव घेऊन जातं. नाहीतर नावाशिवाय जातं, आणि आमच्या आईने लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की अशी बाळं स्मशानाच्या भिंतीबाहेर थांबून राहतात. मी शिकलेली बाई. पण त्या झोपडीत, त्या निळ्या तोंडाकडे बघताना, मला भिंतीबाहेर थांबलेलं ते बाळ स्पष्ट दिसलं. मी उठून उभी राहिले आणि त्याला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं.

"देवाचा सेवक लिनार्दोस बाप्तिस्मा घेतो आहे," मी म्हणाले. आमच्या वडिलांचं नाव. दुसरं सुचलं नाही. "पित्याच्या नावाने."

"नको," फ्लोरेंटिया म्हणाली.

मी त्याला खाली घेतलं, पुन्हा वर उचललं. "आणि पुत्राच्या."

"अनेझिओ, नको. उचलू नकोस." ती रक्ताने भरलेल्या गवतावरून सरपटत आली आणि माझा घोटा दोन्ही हातांनी धरला. "मागच्या वेळी नर्सने त्याला असंच उचललं होतं. तोपर्यंत श्वास घेत होता. मी बघत होते ना. तिसऱ्यांदा उचललं आणि खाली आणला तेव्हा संपला होता. तू उचललंस की त्याला कळतं की जायचंय. ठेव त्याला. तुझ्या पाया पडते, ठेव."

ती खरंच माझ्या पायाशी होती. एकीकडे भिंतीबाहेर थांबलेलं बाळ आणि एकीकडे माझी बहीण. मी त्याला खाली घेतलं होतं, तिसऱ्यांदा उचलायला हात ताणलेही होते. आणि मला ते उचलता आलं नाही. भीतीने. तिच्या भीतीने की माझ्या, त्याचा निवाडा मी करू शकत नाही. मी मटकन बसले, त्याला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, आणि वाकून त्याच्या नाकातोंडावर तोंड लावून हळूच फुंकलं. मग पुन्हा. मग पुन्हा. फ्लोरेंटिया त्याची पाठ चोळत त्याच्याशी बोलत होती, त्याला नावाने नव्हे, नुसतं "ऐक ना, ऐक ना" म्हणत.

त्याच्या घशात काहीतरी खळखळलं. तोंडातून पाणी आलं. मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक, चिडका आवाज.

बार्बा बाहेर खडकावर होते. तो आवाज ऐकून ते खाली बसले आणि शर्टात तोंड खुपसून रडले. पण शर्ट हलायचा थांबला म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, तेव्हा पुन्हा उठले.

डॉक्टर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्तामातिसने तिला आम्ही पलीकडे असल्याचं सांगितलं तेव्हा तिला आधी ती थट्टा वाटली होती. तिने बाळाला नळीने साफ केलं, गुंडाळलं, फ्लोरेंटियाचं रक्त थांबवलं, सुई टोचली. सगळं झाल्यावर तिने हात धुतले आणि मग आमच्याकडे वळली.

"प्रसूत होणाऱ्या बाईला या वाऱ्यात वल्ह्याच्या होडीत कुणी घातलं? मी तिथे वेळेवर पोचले होते. पलंग होता, गरम पाणी उकळत होतं, आणि माणूस नाही. कारण काय?"

बार्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी बार्बांकडे. सरकारी पगार घेणारी आम्ही दोन मोठी माणसं, आणि एकालाही तोंड उघडता आलं नाही. फ्लोरेंटियाच म्हणाली, "मी सांगितलं होतं." डॉक्टर अथेन्सची होती. तिने दारातून समोरच्या बेटाकडे एकदा पाहिलं आणि पेटी बंद केली.

पुढे पिरेयसच्या चर्चमध्ये त्याचा रीतसर बाप्तिस्मा झाला. नाव लिनार्दोसच ठेवलं. नवऱ्याकडचे रुसले, त्यांच्या आजोबांचं नाव हवं होतं, पण फ्लोरेंटियाने ऐकलं नाही. मी पाद्रींना बाजूला घेऊन विचारलं की दोनदाच उचलून सोडून दिलं तर त्याचं काय होतं. ते हसले. म्हणाले, काही होत नाही बाई, आता पाण्याने झालाय ना, आधीचं सोडून द्या. मी हो म्हटलं. फ्लोरेंटिया बाळाला घेऊन शेजारीच उभी होती. तिने पाद्रींकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

आता तो चांगला दांडगट झालाय. दर उन्हाळ्यात येतो. बार्बा निवृत्त झालेत, त्यांच्या मिशा ओढतो, त्यांच्या खांद्यावर बसतो, स्तामातिस त्याला हवेत फेकून झेलतो, आणि फ्लोरेंटिया हसत बघते. तिला त्याचं काही वाटत नाही.

या वर्षी मिकोनोसच्या धक्क्यावर बोटीतून उतरला तो थेट माझ्याकडे धावत आला आणि दोन्ही हात वर केले.

"मावशी, उचल."

फ्लोरेंटिया मागे हमालाशी बॅगांबद्दल बोलत होती. बोलता बोलता थांबली. मी गुडघ्यांवर बसले आणि त्याला घट्ट छातीशी धरलं, त्याचे पाय जमिनीवर टेकलेले राहतील अशा बेताने.

"असं नाही. वर," तो म्हणाला.

"तू फार जड झालास रे."

"स्तामातिस उचलतो. तुला ताकदच नाही."

"नाही रे बाळा," मी म्हटलं. "नाही मला ताकद."